नाक (उच्चार आणि आरोग्य)

नाक हा श्वसनमार्गाचा आरंभीचा भाग व घ्राणेंद्रिय असून मानवी वाणीतील अनुनासिक ध्वनी त्याच्याच साहाय्याने निर्माण होतात. फुप्फुसांकडे जाणारी हवा गाळणे, तापवणे व ओलसर करणे हे त्याचे मुख्य शारीरिक कार्य आहे. तीच पोकळी बोलताना नादपेटीसारखी वापरली जाते. त्यामुळे नाकातील किंवा त्याच्या मागील टाळूतील दोष अनेकदा प्रथम आवाजातून ऐकू येतो. या लेखातील उच्चारांची उदाहरणे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील तिकोणा पेठ आणि तिच्या परिसरातील स्थलनामांवरून घेतली आहेत. तिकोणा पेठ हे तिकोणा उर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याचे, पवना धरणाजवळील गाव आहे.

रचना व श्वसनातील कार्य

बाहेरून दिसणारे नाक हा या अवयवाचा लहानसा भाग होय. त्याचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा व उरलेला कूर्चेचा असतो. आतील पोकळी टाळूच्या वर मागे घशापर्यंत पसरलेली असून मधल्या पडद्यामुळे तिचे दोन भाग होतात. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांच्यामुळे आत येणारी हवा सरळ न जाता अरुंद फटींतून, ओल्या व उबदार आवरणाला घासत जाते. घशाच्या वरच्या भागात पोहोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाच्या जवळ आलेली आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त झालेली असते. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर किंवा त्याहून अधिक हवा आत घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा आवाका ध्यानात येतो.

धुळीचे मोठे कण नाकातील केसांत व चिकट श्लेष्म्यात अडकतात. श्लेष्म्याखाली सूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि श्लेष्म्याचा थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे ढकलते. तेथून तो नकळत गिळला जातो. या यंत्रणेची तपासणी अगदी साध्या रीतीने होते. सॅकरीनचा कण नाकाच्या पुढच्या भागात ठेवला, तर निरोगी माणसाला साधारण दहा ते वीस मिनिटांत घशात गोड चव लागते. अर्ध्या तासानंतरही ती लागली नाही, तर लवेची हालचाल मंदावली असल्याचा संशय घेतला जातो.

दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या असतात असे नाही. आतील आवरणातील रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात व ओसरतात, त्यामुळे काही तासांच्या अंतराने कधी डावी तर कधी उजवी बाजू अधिक वाहते. आधुनिक वैद्यकात या चक्राचे वर्णन १८९५ मध्ये रिचर्ड कायझर यांनी केले. भारतातील स्वरोदय परंपरेला ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र त्या परंपरेत त्यावरून सांगितलेली शुभाशुभ फले हा वेगळा विषय आहे. एक नाकपुडी अधूनमधून जड वाटणे हा आजार नव्हे. एकच बाजू कायम बंद राहणे हे मात्र तपासणीचे कारण आहे.

मृदू टाळू

जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळापासून मागे सरकवत नेले, तर टणक टाळू संपून मऊ भाग लागतो. हा मृदू टाळू. त्याच्या शेवटी पडजीभ लोंबते. नाक व तोंड या दोन वाटांच्या संगमावर तो झडपेचे काम करतो. ‘प’, ‘ट’, ‘स’ यांसारखे ध्वनी काढताना तो वर उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीला टेकतो व नाकाची वाट बंद होते. ‘म’, ‘न’, ‘ण’ यांच्या वेळी तो खाली येतो. ओठ किंवा जीभ तोंडाची वाट अडवतात आणि नाद नाकावाटे बाहेर पडतो. स्वर उच्चारताना टाळू अर्धवट खाली राहिला, तर नाद दोन्ही वाटांनी जातो व स्वर सानुनासिक होतो. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त अनुनासिकाची व्याख्या मुख व नासिका या दोहोंनी मिळून उच्चारला जाणारा वर्ण अशीच केली आहे.

गिळतानाही हीच झडप बंद होते. पाणी पिताना अचानक हसू आले की ते नाकातून येते, याचे कारण झडप बंद होण्याचा क्षण चुकलेला असतो.

मराठीतील अनुनासिके

मराठी वर्णमालेत ङ, ञ, ण, न, म ही पाच अनुनासिके आहेत. त्यांपैकी न व म शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि अंती येतात. ण मराठी शब्दाच्या आरंभी येत नाही. ङ व ञ बहुधा आपल्याच वर्गातील व्यंजनापूर्वी उच्चारले जातात व लेखनात अनुस्वाराने दाखवले जातात. ‘वाङ्मय’ हा त्याला ठळक अपवाद आहे. न, म, ण यांचे महाप्राणयुक्त उच्चारही मराठीत आहेत : न्हावी, म्हैस, कण्हणे.

तिकोणा परिसरातील नावांत अनुस्वाराचे रूपांतर चांगले दिसते. समोरच्या ‘तुंग’ किल्ल्याच्या नावातील अनुस्वार ‘ग’पूर्वी असल्यामुळे ङ असा, ‘वितंडगड’मधील अनुस्वार ‘ड’पूर्वी असल्यामुळे ण असा, तर जवळून वाहणाऱ्या ‘इंद्रायणी’तील ‘द’पूर्वी असल्यामुळे न असा उच्चारला जातो. चिन्ह एकच, पण जिभेची जागा पुढील व्यंजन ठरवते. य, र, ल, व, श, स, ह यांच्यापूर्वी मात्र मराठीचा उच्चार हिंदीहून वेगळा होतो. ‘संसार’, ‘संशय’, ‘संरक्षण’ यांतील अनुस्वार मराठी भाषक सानुनासिक ‘व’काराच्या वळणाने, जवळपास ‘सौंसार’, ‘सौंशय’, ‘सौंरक्षण’ असा करतात.

नाक चिमटीत धरून ‘तिकोणा पेठ’ असे म्हटले, तर ‘पेठ’ हा शब्द जसाच्या तसा राहतो आणि ‘तिकोणा’चा मात्र ‘तिकोडा’ होतो. कारण ण आणि ड या दोन्ही वर्णांच्या वेळी जीभ एकाच ठिकाणी असते, फरक केवळ नाकाच्या वाटेचा असतो. त्याच न्यायाने ‘पवना’चा ‘पवदा’, ‘लोणावळा’चा ‘लोडावळा’ आणि ‘मावळ’चा ‘बावळ’ ऐकू येतो. सर्दी झालेल्या माणसाचे बोलणे असे होते, त्याचे हेच कारण. सर्वसाधारणपणे अशा माणसाला ‘नाकात बोलतो’ असे म्हणतात. प्रत्यक्षात त्याचा दोष उलटा असतो : त्याच्या नाकातून पुरेसा नाद जातच नाही.

उच्चार आणि लेखन

जुन्या मराठीत सानुनासिक स्वर आजच्यापेक्षा अधिक होते. उच्चारातून ते हळूहळू गळाले, पण लेखनात अनुस्वाररूपाने टिकले. कांहीं, नाहीं, दांत, पांच, कांटा असे लेखन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास आढळते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्यांनुसार उच्चारात नसलेले, व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार वगळण्यात आले. त्यामुळे पूर्वी ‘नांव’ आणि होडी या अर्थाची ‘नाव’ यांत दिसणारा लेखनभेद नाहीसा झाला. संदर्भाने अर्थ कळतो, म्हणून त्याची फारशी अडचण झाली नाही.

‘मुलांना’, ‘लोकांनी’ यांतील अनेकवचनाचा अनुस्वार व्याकरणासाठी राखला आहे. ‘केलं’, ‘तिकडं’ या बोलीनिकट रूपांवरील अनुस्वार पुणे-मावळ भागात बहुतेकदा नाकातून उच्चारला जात नाही. तेथे तो अंत्य ‘अ’ लांबवण्याची खूण आहे. याउलट कोकणी व मालवणीत सानुनासिक स्वर आजही जिवंत आहेत, आणि कोकणीत केवळ नासिक्यामुळे शब्दाचा किंवा रूपाचा अर्थ बदलू शकतो. घाट उतरून गेलेल्या देशावरच्या माणसाला तळकोकणातील बोलणे ‘नाकातले’ वाटते, ते यामुळे. तो दोष नसून भाषेचा घटक आहे. मुलाच्या उच्चाराची तपासणी करताना घरातील बोली कोणती, हे आधी विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

‘नाकात बोलणे’ : दोन विरुद्ध दोष

लोकभाषेत ‘गेंगाणे बोलणे’ या एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध अवस्था येतात. त्यांचे उपचारही विरुद्ध असल्याने हा फरक केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

पहिल्या अवस्थेत नाकाची वाट बंद असते. सर्दी, अ‍ॅलर्जी, नाकातील कोंब, वाकडा पडदा किंवा लहान मुलांत नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथींची वाढ ही त्याची नेहमीची कारणे आहेत. येथे म, न, ण हे वर्ण ब, द, ड यांच्याकडे झुकतात व वाट मोकळी केली की आवाज सुधारतो.

दुसऱ्या अवस्थेत झडप पुरेशी बंद होत नाही आणि जे वर्ण केवळ तोंडातून यायला हवेत त्यांची हवा नाकात शिरते. जन्मतः दुभंगलेला टाळू हे याचे महत्त्वाचे कारण. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो. ओठाची फट लगेच दिसते. टाळूची फट मात्र तोंडात पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि दूध नाकातून येणे हे तिचे पहिले लक्षण असू शकते. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा बाळाच्या नवव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान, म्हणजे बोलणे रुजण्याच्या सुमारास करतात. उशीर झाल्यास मूल हवा रोखण्यासाठी टाळूऐवजी घशाचा वापर करू लागते व ‘क’, ‘ट’, ‘प’ घशातून धक्का देऊन काढते. ही सवय एकदा जडली की टाळू शिवल्यानंतरही आपोआप जात नाही. तिच्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे दीर्घ सराव करावा लागतो.

काही मुलांत वरचे आवरण अखंड असते, पण आतील स्नायू जोडलेले नसतात. अशा वेळी पडजिभेला मध्ये चीर दिसणे ही उपयुक्त खूण ठरते. या मुलांच्या बाबतीत अ‍ॅडिनॉइड काढताना विशेष सावधगिरी बाळगली जाते. अपुऱ्या टाळूला टेकण्यासाठी त्या गाठीचाच आधार असतो, आणि तो गेल्यावर आवाज पूर्वीपेक्षा अधिक नाकातून येऊ लागतो. ‘नाकात बोलतो, म्हणून गाठी काढा’ हा सरळ दिसणारा सल्ला येथे नेमका उलटा पडतो.

दोन अवस्थांचा प्राथमिक भेद घरीही जोखता येतो. लोहगड, विसापूर, भाजे, कार्ले या मावळातील नावांत एकही अनुनासिक वर्ण नाही. ही नावे एकदा नेहमीप्रमाणे व एकदा नाक चिमटीत धरून म्हणावीत. निरोगी व्यक्तीच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. स्पष्ट फरक पडला, किंवा नाकाखाली धरलेल्या थंड आरशावर ही नावे घेताना वाफ धरली, तर हवा नाकातून गळत आहे असे समजावे. याउलट तिकोणा, पवना, मावळ ही नावे नाक मोकळे ठेवूनही चिमटीत धरल्यासारखीच ऐकू आली, तर वाट बंद असल्याचा संभव अधिक. ही चाचणी निदानाची जागा घेत नाही, परंतु डॉक्टरांना काय सांगायचे ते तिच्यामुळे कळते.

मोठेपणीही टाळूला इजा होऊ शकते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. नाकातून सुरू होणारा हा संसर्ग डोळा व मेंदूपर्यंत पसरू शकत असल्याने अनेक रुग्णांचा वरचा जबडा व टाळूचा भाग काढावा लागला. जीव वाचला, तरी तोंड व नाक यांमधील भिंत गेल्याने घास नाकात जाणे आणि बोलणे न समजणे ही अडचण राहिली. टाळूची पोकळी बुजवणारी ऑब्ट्युरेटर ही काढता-घालता येणारी कृत्रिम तबकडी अशा रुग्णांना बसवतात. ती बसवताच बहुधा बोलण्यात लक्षणीय फरक पडतो.

तोंडाने श्वास घेणे

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण प्रौढांबाबत शरीरशास्त्रदृष्ट्याही खरी आहे. नवजात बाळाबाबत ती पुरती खरी नाही. पहिले काही आठवडे बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. नाकाची मागील दोन्ही दारे जन्मतः बंद असलेले बाळ शांत असताना निळे पडते व रडू लागले की गुलाबी होते. ही तातडीच्या उपचाराची अवस्था आहे.

मोठ्या मुलांत सतत उघडे तोंड, घोरणे, अस्वस्थ झोप, वारंवार कान दुखणे किंवा कमी ऐकू येणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास नाकामागील गाठींचा विचार करावा लागतो. घसा व मधला कान यांना जोडणारी नळी तेथेच उघडते. वर्गात लक्ष नाही अशी तक्रार असलेल्या मुलाला कधीकधी शिक्षकांचे बोलणे नीट ऐकूच येत नसते. तोंडातून घेतलेली हवा गाळलेली व ओलसर नसल्याने घसा कोरडा पडतो. शिवाय नाकाभोवतीच्या वायुविवरांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरा पट होते. नादाच्या कंपनांमुळे विवरांतील हवा बदलते, एवढे त्यावरून निश्चित होते. भ्रामरी केल्याने अमुक रोग बरा होतो, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही.

‘नाकाचे हाड वाढले’ हा मराठीतील अतिशय रूढ शब्दप्रयोग आहे. बहुतेक वेळा वाढलेले हाड नसतेच. मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो, किंवा शिंपल्यांसारख्या हाडांवरील आवरण अ‍ॅलर्जीने सुजलेले असते. पहिल्यासाठी शस्त्रक्रिया उपयोगी पडते, दुसऱ्यासाठी बहुधा औषधे. बंद नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास आवरण उलट जास्त सुजते व थेंबांशिवाय नाक उघडेनासे होते.

मावळातील परिस्थिती

लोणावळा परिसरात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पवन मावळातही पावसाळ्याचे चार महिने भिंती ओलसर असतात. बुरशी व घरातील धुळीतील सूक्ष्म किडे यांना ही हवा मानवते. शिंका, नाक वाहणे, डोळे खाजणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे मग सर्दी समजून अंगावर काढली जातात. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची या भागातील जुनी पद्धत आणि घरातील चूल यांचा धूर नाकातील लवेची हालचाल मंदावतो. सुगीत भात झोडताना उडणाऱ्या कुसळांपासून व धुळीपासून तोंडा-नाकावर बांधलेला ओला रुमाल काही प्रमाणात रक्षण करतो.

याच खोऱ्यांतील आंबेमोहोर तांदूळ घ्राणेंद्रियाचे चांगले उदाहरण आहे. शिजताना येणारा वास समोरून नाकात शिरतो, पण घास चावताना जाणवणारा ‘स्वाद’ घशामागून वर नाकात जाणाऱ्या त्याच वासाचा असतो. नाक चोंदले की भात गोड-खारट कळतो, मात्र आंबेमोहोर आणि साधा तांदूळ यांतला फरक कळत नाही. करोनाच्या साथीत वास गेलेल्या अनेकांनी ‘चव गेली’ असेच सांगितले, ते याचमुळे.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी सुरू केले. योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. हठयोगातील षट्कर्मांपैकी नेती व कपालभाती यांचा नाकाशी थेट संबंध आहे. संस्थेने १९७० मध्ये ‘हठप्रदीपिके’ची संपादित आवृत्तीही प्रसिद्ध केली. कोमट, किंचित खारट पाण्याने नाक धुण्याची जलनेती आज कान-नाक-घसा तज्ज्ञही दीर्घकालीन सायनसविकारात पूरक उपाय म्हणून सुचवतात. पाणी मात्र उकळून कोमट केलेले असावे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे नाकावाटे मेंदूत अमीबा शिरून दोन व्यक्ती दगावल्या. ओढ्याचे, विहिरीचे किंवा धरणाचे पाणी थेट वापरणे म्हणूनच धोक्याचे.

घोळणा फुटल्यास डोके मागे टाकू नये, कारण रक्त घशात उतरते. किंचित पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे दाबून धरावा. बहुतेक रक्तस्राव पडद्याच्या पुढच्या भागातील असल्याने एवढ्याने थांबतो. कांदा हुंगवण्याने रक्त थांबत नाही.

पुण्यातील नासिका-पुनर्रचना

नाक कापणे ही भारतात दीर्घकाळ शिक्षा होती, आणि नवे नाक बसवण्याची विद्याही येथेच वाढली. ‘सुश्रुतसंहिते’त त्यासाठी गालाची त्वचा वापरण्याची पद्धत आहे. अठराव्या शतकात कपाळाची त्वचा वापरणारे परंपरागत कारागीर होते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास घडला. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा, समकालीन वृत्तान्तात मराठा म्हटलेला इसम १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. पुण्यात काम करणारे चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगेझीन’मध्ये त्याचा सचित्र वृत्तान्त छापला गेला.

पद्धत अशी होती : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याचे माप घ्यायचे, तो कपाळावर सपाट ठेवून कडा आखायची व तेवढी त्वचा सोडवायची. दोन डोळ्यांमधील एक पट्टी तेवढी शाबूत ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग त्वचा पिळून खाली आणायची आणि जुन्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायची. टाके नव्हते. पाण्यात भिजवलेल्या काताने माखलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती धरून ठेवली जाई. चार दिवसांनी त्या काढून तुपाचे कापड लावत. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील पट्टी कापून नाकाला आकार देत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, म्हणजे छिद्रे मिटून श्वासाची वाट बंद होत नसे. चेहऱ्याबरोबर श्वासाचाही विचार या कारागिराने केला होता.

हा वृत्तान्त वाचून व त्वचेच्या या पद्धतीचा अभ्यास करून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ऑक्टोबर १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कपाळाच्या त्वचेचा हा प्रकार सुधारित स्वरूपात आजही, विशेषतः कर्करोगामुळे नाक गमावलेल्या रुग्णांसाठी, वापरला जातो. रुग्णाचे, साक्षीदारांचे आणि चित्रकाराचे नाव इतिहासात नोंदले गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव त्या वृत्तान्तात नाही.